तक्रार केल्यावर कंपनी प्रॉडक्ट बदलते का? बदलते, पण तक्रार कशी आणि कुठे करायची ते बघा

पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा वर्षं सपोर्टला होते. दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप होतं आमचं, आणि आलेल्या तक्रारी वाचायच्या, त्यांना टॅग लावायचे आणि त्यातल्या कुठल्या डेव्हलपर लोकांकडे पाठवायच्या ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कोणी म्हणालं ना की "अगं कंपन्या कुठे कोणाचं ऐकतात, तक्रार करून काय होणारे", की मला गप्प बसवत नाही. ऐकतात. सगळ्यांचं ऐकत नाहीत आणि सगळं ऐकत नाहीत, पण कुठली तक्रार आत पोचते आणि कुठली पहिल्याच माणसाकडे संपते हे मी रोज बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कऱ्हाडचे एक किराणा दुकानदार आमचे ग्राहक होते. आमच्या ॲपमधून थर्मल प्रिंटरवर बिल काढलं की वर दुकानाच्या पत्त्यात "कऱ्हाड" ऐवजी क, मग एक रिकामा चौकोन, मग हाड, असं छापून यायचं. आता "मराठी नीट येत नाही" अशा अकरा तक्रारी त्याच्या आधी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या आणि सगळ्या "ॲप अपडेट करून बघा" असं उत्तर देऊन बंद झालेल्या, त्यातल्या चार-पाच मीच बंद केलेल्या. या काकांनी मात्र काय लिहिलं होतं ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. प्रिंटरचं मॉडेल हे, ॲपचं व्हर्जन हे, मागच्या मंगळवारी अपडेट केल्यापासून सुरू झालं. कऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या या तीन शब्दांत चौकोन येतो. गोरे, दुसरा, कराड हे नीट येतात. फोनच्या स्क्रीनवर बरोबर दिसतं, फक्त कागदावर चुकतं. दिवसाला दीडशे बिलं निघतात आणि प्रत्येकावर गावाचं नाव चुकीचं जातंय. आणि सोबत एक फोटो, फोन आणि बिल शेजारी शेजारी ठेवून काढलेला.

मी ते जसंच्या तसं डेव्हलपरकडे पाठवलं आणि त्याला दहा मिनिटांत सापडलं. ॲपची साइज कमी करायची म्हणून छपाईच्या फॉन्टमधून न लागणारी अक्षरं काढून टाकली होती, ती यादी कोणीतरी हिंदीच्या हिशोबाने बनवलेली, आणि हिंदीत ऱ लागत नाही, म्हणून ऱ गेला. पुढच्याच अपडेटमध्ये ऱ परत आला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर प्रत्येक रिलीजच्या आधी एक टेस्ट बिल छापायचं ठरलं ज्यात कऱ्हाड हा शब्द असायचाच, आणि फॉन्टला हात लावायचा तर प्रत्येक भाषेच्या माणसाला विचारूनच. एका माणसाच्या एका मेसेजने कंपनीची काम करायची पद्धत बदलली. अकरा जणांनी जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं होतं, पण त्यांच्या सांगण्यात कधीपासून, कुठे, काय बरोबर येतं आणि किती वेळा हे होतं. त्यामुळे "आमच्याकडे तर बरोबर येतंय" असं म्हणून ती बंद करणं कोणालाच शक्य नव्हतं.

आधी नक्की काय हवंय ते ठरवा

तक्रार लिहायला बसायच्या आधी स्वतःला विचारा की मला काय झालं म्हणजे मी समाधानी होईन. काहीतरी मोडलंय ते दुरुस्त करून हवंय, की काहीतरी नको असताना गळ्यात मारलंय ते बंद करायचं बटण हवंय, की कंपनीने निर्णयच मागे घ्यायला हवाय? पहिल्या दोन गोष्टी मिळतात, बऱ्याचदा मिळतात. तिसरी फार क्वचित, आणि ती कशी मिळते ते पुढे सांगते.

बटण मागण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फेसबुकचंच आहे. ५ सप्टेंबर २००६ ला फेसबुकने न्यूज फीड सुरू केलं, आणि त्याची घोषणा करणारी पोस्ट लिहिली होती रुची संघवीने, जी पुण्यात वाढलेली आणि फेसबुकची पहिली महिला इंजिनिअर. तोवर तुम्हाला कोणाचं काय चाललंय ते बघायला त्याच्या प्रोफाइलवर जावं लागायचं, आता ते सगळ्यांना आपोआप समोर दिसायला लागलं, आणि वापरणारी कॉलेजची पोरं इतकी भडकली की विरोध करायला फेसबुकवरच ग्रुप निघाले आणि दोन-तीन दिवसांत लाखो जण त्यात गेले. ८ सप्टेंबरला मार्क झुकरबर्गने चूक झाली म्हणून जाहीर मान्य केलं आणि फीडमध्ये आपलं काय दिसावं काय नाही याचे कंट्रोल दिले. पण न्यूज फीड काढलं नाही. कारण आतले आकडे त्यांना दिसत होते, लोक चिडलेले होते पण आधीपेक्षा जास्त वापरत होते, आणि विरोधाचा ग्रुप एवढा पसरला तोही न्यूज फीडमध्ये दिसला म्हणूनच. म्हणजे तोंडाने म्हणतोय "बंद करा" आणि बोटांनी रोज उघडतोय, अशा वेळी कंपनी बोटांकडे बघते. हे लक्षात ठेवून मागणी करा.

मायक्रोसॉफ्टच्या रिकॉलचंही तसंच झालं. २० मे २०२४ ला जाहीर केलं की कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो घेऊन ठेवेल म्हणजे नंतर शोधता येईल, त्यावर सिक्युरिटीच्या लोकांनी दाखवून दिलं की ते फोटो आणि त्यातला मजकूर ज्या फाइलमध्ये साठतोय ती सहज वाचता येतेय, आणि ७ जूनला कंपनीने सांगितलं की हे आता आधी बंदच असेल, ज्याला हवं त्याने चालू करावं. मग ते पुढे ढकललं आणि सगळ्यांसाठी यायला एप्रिल २०२५ उजाडलं. फीचर आलंच, पण ते चालू करायचं की नाही हे माणसाच्या हातात आलं, आणि मला विचाराल तर हा छोटा विजय नाही, कारण बहुतेक लोक सेटिंग कधीच बदलत नाहीत, जे आधीपासून असेल तेच राहू देतात.

उलट बाजूला हेडफोनचा जॅक. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला, लाखो लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या, जॅक काही परत आला नाही. फोन मात्र लोकांनी घेतलेच. गूगल रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायची सोय, तर फुकटच होतं, १ जुलै २०१३ ला बंद केलं, एक लाखाच्या वर सह्या होत्या, तरी केलं.

कंपनीचा खर्च कुठे होतोय ते शोधा

हा भाग जरा नीट वाचा, कारण ग्राहकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे. कंपनीच्या आत प्रत्येक तक्रारीची एक किंमत असते. एक फोन कॉल घेतला की सपोर्टच्या माणसाचा वेळ गेला, एक रिटर्न आला की कुरिअरचा खर्च, वॉरंटीत एक पार्ट बदलला की पार्टचा खर्च. हे सगळं दर महिन्याला एका शीटमध्ये येतं आणि ती शीट वरचे लोक बघतात. तुमची तक्रार त्या शीटमध्ये गेली की ती तक्रार राहत नाही, खर्च होते.

ॲपलच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बघा. २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकला त्यांनी बटरफ्लाय म्हणतात तो नवा कीबोर्ड दिला, २०१६ मध्ये तोच मॅकबुक प्रोला. अगदी पातळ आणि दिसायला सुंदर, पण बारीक धूळ गेली तरी एखादी की अडकायची नाहीतर एकदा दाबून अक्षर दोनदा उमटायचं. आणि तो कीबोर्ड वरच्या धातूच्या भागाला पक्का बसवलेला, त्याच भागाला बॅटरी चिकटवलेली, त्यामुळे एक की बिघडली तरी अख्खा वरचा भाग बॅटरीसकट बदलावा लागायचा. वॉरंटी असेल तर हा सगळा खर्च कंपनीच्या अंगावर. पत्रकारांनी लिहिलं, लोकांनी अर्ज केले, मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात सगळ्या ग्राहकांच्या वतीने केस झाली, आणि जून २०१८ मध्ये ॲपलने जाहीर केलं की खरेदीपासून चार वर्षं हा कीबोर्ड फुकट दुरुस्त करून देऊ. त्या दिवसापासून प्रत्येक बिघडलेली की कंपनीच्या खात्यावर चार वर्षं लिहिली जायला लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रो आला तो जुन्या पद्धतीचा कीबोर्ड घेऊन, मे २०२० पर्यंत बटरफ्लाय सगळ्या लॅपटॉपमधून गेला, आणि २०२२ मध्ये त्या केसमध्ये ५ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. २०२१ च्या प्रोमध्ये तर लोक वर्षानुवर्षं मागत होते ते एचडीएमआय, मेमरी कार्डचा स्लॉट आणि चुंबकाचा चार्जर पण परत आले.

आता यातून आपण काय करायचं? सर्व्हिस सेंटरला गेलात आणि त्याने काउंटरवरच ब्रशने साफ करून दिलं, "झालं बघा" म्हणून परत पाठवलं, तर कंपनीच्या हिशोबात तुम्ही आलाच नाहीत. म्हणून काहीही झालं तरी जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद केलेला कागद, मागा. "फक्त साफ केलंय, जॉब शीट कशाला" म्हणतील, तरी मागा, शांतपणे मागा, आणि त्यावर तुमच्या शब्दात बिघाड लिहायला लावा, "की दोनदा उमटते" असा, नुसतं "चेक केलं" असं नाही. तिसऱ्यांदा गेलात तर आधीच्या दोन्ही जॉब शीटचे नंबर नव्या शीटवर लिहायला सांगा. एकच बिघाड परत परत आलेला आत वेगळ्या रंगात दिसतो.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचंही हेच. रिटर्न करताना कारण निवडायला सांगतात आणि बरेच जण पटकन "मत बदललं" नाहीतर "आता नको" निवडतात, कारण त्यात प्रश्न कमी विचारतात आणि पिकअप लवकर येतो असं वाटतं. अहो, तुमचा चार्जर तापत होता म्हणून तुम्ही परत पाठवलात ना? मग ते कारण निवडा. चार्जर बनवणाऱ्याला तुमच्याबद्दल जे एकच काहीतरी कळणार होतं ते त्या एका क्लिकमध्ये असतं, आणि "मत बदललं" दाबलं की तोच चार्जर पुढच्या घरी जातो.

ॲप असेल तर

ॲप बंद पडल्यावर फोन विचारतो रिपोर्ट पाठवू का, तेव्हा हो म्हणा. अँड्रॉइडवर गूगल प्रत्येक ॲपचं मोजमाप ठेवतं, रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांपेक्षा जास्त जणांचं ॲप त्यांच्यासमोर क्रॅश झालं किंवा ०.४७ टक्क्यांपेक्षा जास्त जणांचं अडकून पडलं तर प्ले स्टोअरवर ते ॲप कमी लोकांना दिसू शकतं. शंभरात एकाचा प्रश्न आहे हा, म्हणजे कंपनीला प्रत्येक टक्का जपावा लागतो. आमच्याकडे सोमवारची मीटिंग याच आकड्याने सुरू व्हायची.

स्टार देताना वस्तूचा राग, डिलिव्हरीचा राग आणि बँकेच्या ओटीपीचा राग एकत्र करू नका. "थर्ड क्लास ॲप, पैसे गेले" असा रिव्ह्यू आम्ही वाचायचो आणि आम्हाला खरंच कळायचं नाही की काय करायचं. त्यापेक्षा फोनचं मॉडेल, ॲपचं व्हर्जन, कुठलं बटण दाबल्यावर काय झालं, एवढंच लिहा, आणि दुरुस्त झालं तर परत येऊन स्टार वाढवा. प्ले स्टोअरवर २०१९ पासून अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन आहे, त्यामुळे जुने स्टार बदलले तर कंपनीला ते लगेच दिसतं आणि ज्याने तुमचं काम करून घेतलं त्याला पुढच्या वेळी वर भांडायला काहीतरी मिळतं.

काही कंपन्यांची तक्रारीची यादी उघडी असते. फायरफॉक्सची बगझिला, क्रोमची इश्यू ट्रॅकर, गिटहबवरची हजारो सॉफ्टवेअर, विंडोजमधलं फीडबॅक हब. तिथे नवीन तक्रार टाकायच्या आधी तीच आधीची आहे का शोधा, आणि असेल तर तिलाच मत द्या, खाली तुमचा वेगळा अनुभव असेल तरच लिहा. दहा वेगळ्या तक्रारी दहा वेगळ्या माणसांकडे जातात आणि एकीला पन्नास मतं असली की ती वर येते.

सबस्क्रिप्शन बंद करताना "का सोडताय" असा एक चौकोन येतो. तो कधीच रिकामा सोडू नका. सपोर्टला आलेले मेल सपोर्टचे लोक वाचतात, पण हा चौकोन मालक वाचतो, निदान आमच्याकडे तरी तसंच होतं, दर शुक्रवारी सगळे. दोन ओळी पुरतात: कशासाठी घेतलं होतं, काय झालं म्हणून सोडतोय, काय केलं तर परत येईन.

लिहायचं कसं

वर कऱ्हाडच्या काकांचं सांगितलंच. त्यात थोडी भर घालते. पहिल्या ओळीत बिघाड लिहा, तुम्ही किती वर्षांपासूनचे ग्राहक आहात ते शेवटी लिहा. एका मेलमध्ये एकच गोष्ट, कारण एका टिकेटला, म्हणजे नोंदलेल्या तक्रारीला, मुख्य टॅग एकच लागतो आणि तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात तर त्यातली जी सगळ्यात सोपी तिचं उत्तर देऊन टिकेट बंद होतं, हे मी स्वतः केलंय आणि दिवसाला साठ टिकेटं असतील तर सगळेच करतात. मराठीत लिहायला अजिबात हरकत नाही, पण समोरचा माणूस बऱ्याचदा मशीनचं भाषांतर वाचत असतो, त्यामुळे वाक्यं छोटी ठेवा आणि बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच लिहा. व्हिडिओ पाठवलात तर वीस सेकंदांचा पाठवा, पाच मिनिटांचा कोणी बघत नाही.

रागावून लिहू नका असं मी म्हणणार नाही, पैसे अडकले की राग येतोच. पण शिवी असलेलं टिकेट डेव्हलपरपर्यंत जसंच्या तसं जात नाही, सपोर्टचा माणूस त्याचा सारांश करतो, आणि सारांशात तुमचे नेमके शब्द गळतात. नुकसान आकड्यात सांगा, "दिवसाला दीडशे बिलं" हे कुठल्याही रागापेक्षा जास्त लागतं.

उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद, टीमला कळवलंय", तर एक प्रश्न परत पाठवा: हे टिकेट बग, म्हणजे बिघाड, म्हणून नोंदलंय की सूचना म्हणून, आणि त्याचा नंबर काय? सूचनांच्या यादीत गेलेलं वर्षानुवर्षं पडून राहतं, बगच्या यादीला तारीख लागते.

निर्णयच फिरवायचा असेल तर वेळ साधा

जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं की एक्सबॉक्स वन या गेम खेळायच्या मशीनला दिवसातून एकदा तरी इंटरनेट लागेल आणि वापरलेल्या गेमच्या डिस्क विकण्यावर, देण्यावर बंधनं येतील. लोकांनी आरडाओरडा केला, आणि १० जूनला सोनीने आपलं मशीन शंभर डॉलरने स्वस्त, ३९९ ला, आणि ही बंधनं न घालता देऊ असं जाहीर केलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही गोष्टी मागे घेतल्या. एवढ्या लवकर का? मशीन अजून दुकानात यायचं होतं, लोक बुकिंग करत होते आणि दुसरं दुकान शेजारीच उघडं होतं. एकदा वस्तू घरात आली की तुमचं म्हणणं तेच असतं, पण कंपनीला गमवायला तेवढं उरलेलं नसतं. म्हणून घोषणा झाल्यापासून विक्री सुरू होईपर्यंतचा काळ, बीटा, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या व्हर्जनचा काळ, या वेळी तक्रार करा, तेव्हा एक मेल पुढच्या पन्नासाच्या बरोबरीचा असतो.

व्हॉट्सॲपला जानेवारी २०२१ मध्ये असाच अनुभव आला, नवीन प्रायव्हसी पॉलिसी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणाले, लोक सिग्नल आणि टेलिग्रामवर जायला लागले, तारीख १५ मे वर गेली. पण पॉलिसी तीच राहिली. बहुतेकांचा सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप तिथेच होता, त्यामुळे सिग्नल डाउनलोड करूनही परत तिथेच आलो आपण सगळे. पुढचं काम सरकारी यंत्रणेने केलं, कॉम्पिटिशन कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच पॉलिसीवरून व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड लावला. जिथे सोडून जाणं खरंच शक्य नसतं तिथे नुसती कंपनीकडे तक्रार पुरत नाही, बाहेरून दाबावं लागतं.

आणि बाहेरून दाबताना पण नेमकं लिहावं लागतं. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०१५ मध्ये ११८ पानांचा एक कागद काढला होता, इंटरनेटवरच्या सगळ्या साइटना सारखंच वागवायचं की नाही याबद्दल, त्यात लोकांना २० प्रश्न विचारलेले. काही स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरं तयार करून साइटवर ठेवली, आणि महिन्याभरात दहा लाखांच्या वर ईमेल ट्रायकडे गेले. पुढे डिसेंबरमध्ये ट्रायने परत मतं मागवली तेव्हा फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक साइट फुकट देणाऱ्या योजनेच्या, बाजूने लोकांकडून ढीगभर मेसेज पाठवून घेतले, पण ट्रायने स्पष्ट सांगितलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी आली आणि फ्री बेसिक्स भारतातून गेलं. संख्या दोन्हीकडे होती. एका बाजूने प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

मराठीच्या मागणीचंही बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये मनसेने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या ॲपमध्ये मराठी हवी म्हणून जोर धरला, आणि २०२१ संपायच्या आत दोन्हीकडे मराठी आली. पण ॲमेझॉनवर हिंदी २०१८ पासून होती आणि कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम सप्टेंबर २०२० मध्येच आलेल्या, म्हणजे कंपनी त्या रस्त्यावर चाललीच होती. कंपनी ज्या दिशेला निघालीय त्याच दिशेला ढकललं की लवकर हलते, म्हणून मागणी करताना "कन्नड आहे तर मराठी का नाही" हे वाक्य फार कामाचं. त्यांच्याकडे असलेलीच सोय दाखवा.

कायद्याने काय मिळतं

भारतात ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्यात निकाली काढायची, असा २०२० चा नियम आहे. सोशल मीडियासारख्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांत २४ तास आणि १५ दिवस होते, २०२६ मध्ये त्या १५ चे ७ दिवस झाले, आणि तिथे नाही पटलं तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. म्हणून चॅटवरच्या बॉटशी तासभर बोलण्यापेक्षा ॲपच्या तळाशी त्या अधिकाऱ्याचा ईमेल शोधा आणि तिथे लिहा. त्या ईमेलला तारीख असते आणि ती तारीख कंपनीला बांधते.

मग १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत, तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. पण मला याचं महत्त्व वेगळं वाटतं, इथे सगळ्यांच्या तक्रारी एका जागी साठतात आणि सरकारला त्यातला पॅटर्न दिसतो. ओला कॅबमध्ये चूक कंपनीची असली तरी रिफंड म्हणून पुढच्या राइडचं कूपनच मिळायचं, पैसे बँकेत घ्यायचा पर्यायच नव्हता. हेल्पलाइनवर त्याच्या तक्रारी साठल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की बँकेत हवेत की कूपन, हे ग्राहकाला निवडू द्या. ॲपमधला एक पर्याय, पण तो अनेक लोकांनी वेगवेगळ्या गावांतून एकाच क्रमांकावर फोन केले म्हणून आला. तेव्हा तुमची रक्कम चाळीस रुपये असली तरी फोन करा.

तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि २०१९ च्या कायद्यानंतर तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. एकाच बिघाडाचे बरेच जण असाल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार पण करता येते, ही वाट आपल्याकडे फार कमी वापरतात आणि वापरायला हवी. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून.

त्यासाठी खरेदीचं बिल लागतं. दुकानातलं बिल थर्मल कागदावरचं असेल, हाताला गुळगुळीत लागतं ते, तर त्याचा फोटो आजच काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, कारण कपाटात ठेवलं तरी त्या बिलावरची अक्षरं हळूहळू उडतात आणि कागद कोरा होऊ शकतो, आणि पाकिटात ठेवलात तर त्याच्याही आधी.